डावखुरा मास्तर

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरच्या त्या तीन मजली सोसायटीत सिनेमाचं तिकीट काढण्याआधी भिकाजी सातार्डेकरांना विचारायची पद्धत होती. ही पद्धत कुणी पाडली ते आता सांगता येणार नाही. पण नवा सिनेमा लागला की भिकाजी तो पहिल्याच दिवशी पाहून येत आणि शनिवारी संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर बसत. मग माणसं एकेक करून गोळा होत. "बघण्यासारखा आहे का?" एवढाच प्रश्न असे. उत्तर मात्र तेवढ्यावर कधीच थांबत नसे.

भिकाजी भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. रंगाचे डबे खोक्यात बसवायचे, खोकी ट्रकमध्ये चढवायची आणि कुठला डबा गळका निघालाच तर तो परत मागवायचा, यात त्यांची उमर गेली होती. सिनेमाबद्दलचं मतही ते त्याच भाषेत देत. "खोकं झकास, आतला डबा गळका," असं त्यांनी म्हटलं की नटनट्या, कपडे, काश्मीर सगळं आहे पण गोष्टीचा पत्ता नाही, हे सगळ्यांना कळे. "रंग बरा, पण दुसरा हात मारलेला नाही," म्हणजे गोष्ट चांगली होती, करणाऱ्याने घाई केली. आणि "माल पाठवा" असं ते क्वचितच म्हणत. ते ऐकलं की बायका दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक लवकर आटपायच्या तयारीला लागत.

कट्ट्यावर त्यांना उलट बोलणारा एकच माणूस होता. वरच्या मजल्यावरचे काशीराम. ते बस डेपोत होते आणि भिकाजींचे जुने दोस्त.

"आईला किती वेळा आंधळी करणार हे लोक?" भिकाजी म्हणत. "मागच्या सिनेमात देवळाच्या पायरीवरून पडून आंधळी झाली. ह्याच्यात स्टोव्ह भडकून. आणि डोळे परत येतात ते घंटा वाजल्यावरच. म्हणजे घंटेवाल्याचा धंदा चांगला."

"ते जाऊ दे. तू रडलास की नाही ते सांग," काशीराम म्हणत.

"रडलो ना. रडण्याचा आणि मताचा काय संबंध?"

नव्या सिनेमांवर भिकाजींचा राग नव्हता. पण कुठल्याही नव्या सिनेमाचं शेवटचं माप ते एका जुन्या सिनेमाला लावून बघत. त्याचं नाव 'पल्याडची शाळा'. लहानपणी परळला असताना गणपतीत त्यांनी तो पाहिला होता. नदीपलीकडच्या गावात एक मास्तर येतो, खोताला गावात शाळा नको असते, आणि मास्तर शाळा सोडायला तयार नसतो, एवढीच त्याची गोष्ट. पण भिकाजींसाठी त्या सिनेमात सगळ्यात मोठं काही असेल तर ते मास्तरचा हात. मास्तर डावखुरा होता.

भिकाजीही डावखुरे. शाळेत त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली की गुरुजी पट्टी उभी करून बोटांवर मारत. घरी आजी डावा हात फडक्याने बांधून ठेवी. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे. त्यांना या गोष्टीकडे बघायला सवड नव्हती. अशात पडद्यावर एक मास्तर, अंगात कोट, डोक्याला फेटा, डाव्या हातात खडू घेऊन फळ्यावर झराझरा लिहितो, आणि सगळं गाव तोंडात बोट घालून बघतं, हे पोराने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी उगारलेल्या गुरुजींना त्याने सांगितलं, "सिनेमातले मास्तर डाव्याच हाताने लिहितात." गुरुजींनी पट्टी आणखी जोरात मारली ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून पोराने हात बदलला नाही तो नाहीच.

पुढे मुलगी झाली, जया. तिनेही डाव्याच हाताने वरणभात कालवायला सुरुवात केली. भिकाजींची म्हातारी आजी पुन्हा फडकं घेऊन आली, तेव्हा भिकाजींनी फडकं काढून घेतलं आणि मुलीला मांडीवर बसवून 'पल्याडची शाळा' सांगितला. जया तीच गोष्ट ऐकत मोठी झाली, बी.कॉम. झाली आणि फोर्टमधल्या एका कचेरीत डाव्या हाताने हिशेब लिहू लागली.

आता तिचं लग्न ठरवायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

एक स्थळ तर अगदी हातातोंडाशी येऊन गेलं होतं. मुलाचे मामा म्हणाले, अमुक सिनेमा पाहून आपण रुमाल भिजवला. भिकाजी म्हणाले, त्या सिनेमाचा डबा तळापासून गळका आहे, रुमाल त्यानेच भिजला असणार. मामांना ते रुचलं नाही. निरोप आला की मुलगी छान आहे, पण वडील फार बोलतात.

म्हणून घाटकोपरच्या मयेकरांचं स्थळ आलं तेव्हा, ते बघायला येणार त्या रविवारी सकाळी, रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं. मुलगा विद्याधर, वीज मंडळात नोकरीला. एका नातेवाइकाच्या लग्नात जयाने त्याला पाहिलं होतं आणि त्याने जयाला. जयाने तोंडाने काही सांगितलं नव्हतं. पण मयेकरांचं नाव निघाल्यापासून ती साड्यांचं कपाट पुन्हापुन्हा उघडत होती, आणि आईला तेवढं पुरे होतं.

"सिनेमाचं एक अक्षर काढायचं नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सुपारी कातरत बसा. पण गप रवा."

"आणि त्यांनीच विषय काढला तर?"

"तर सांगा, मी सिनेमे बघत नाय."

"हे म्हणजे कोळणीने मासे खात नाही म्हणून सांगण्यासारखं झालं."

"सांगा तसं. पोरीकडे बघून सांगा."

भिकाजींनी देवापुढे हात जोडले. मग रत्नप्रभाबाई जयाकडे वळल्या. "आणि तू गो, चहा उजव्या हातानं द्यायचा. आजचा एक दिवस."

दुपारी मयेकर आले. श्यामसुंदर मयेकर बुटके, हसरे गृहस्थ. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम केलेलं. त्यांच्या पत्नी विमलाबाई उंच, गोऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या नजरेने दार ओलांडताच उंबरठ्यावरची रांगोळी, कोपऱ्यातला टीव्ही आणि समोरचं आरशाचं कपाट, सगळ्यांची नोंद घेतली. विद्याधर दोघांच्या मध्ये बसला आणि आतल्या पडद्याकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागला.

गाव कुठलं, कूळ कुठलं हे झालं. मालवणकडच्या ओळखी निघाल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात श्यामसुंदरराव म्हणाले, "काल रात्री व्हिडिओ आणला होता. तो नवा आला आहे ना, जुळ्या भावांचा. काय घेतलाय म्हणून सांगू."

भिकाजींच्या हातातला अडकित्ता थांबला. तो सिनेमा त्यांनी शुक्रवारीच पाहिला होता. दोन भाऊ लहानपणी जत्रेत हरवतात आणि वीस वर्षं एकाच गल्लीत राहून एकमेकांना ओळखत नाहीत, ह्यावर ते काल कट्ट्यावर, काशीराम ड्यूटीवर असताना, तासभर बोलले होते. त्यांनी जोरात सुपारी कातरली.

"तुम्ही पाहिलात की नाही?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"मी... मी सिनेमे फारसे बघत नाही."

आत स्वयंपाकघरात जयाला खोकल्याची उबळ आली. आणि त्याच क्षणी जिन्यावरून खाली उतरणाऱ्या काशीरामांनी उघड्या दारातून आवाज दिला, "भिकाजी, उद्याचं काय सांगतोस? तो जत्रेवाला बघू की मागच्या आठवड्यातला? आमची मंडळी तुझ्यासाठी खोळंबलीयत."

मग त्यांना पाहुणे दिसले. "वाट लागली," असं स्वतःशीच पुटपुटत ते चपला वाजवत खाली गेले.

श्यामसुंदररावांनी भिकाजींकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे बघता तर."

"बघतो कधीमधी."

"मग सांगा ना. जत्रेवाला कसा वाटला?"

भिकाजींनी बायकोकडे पाहिलं. रत्नप्रभाबाईंनी डोळे मिटले होते. "डबा गळका," भिकाजी म्हणाले, आणि बांध फुटला.

पण या वेळी काही बिघडलं नाही. श्यामसुंदररावांना जत्रेवाला आवडला होता खरा, पण त्यातली मारामारी नव्हे, बापाचं काम करणारा म्हातारा नट. तो भिकाजींनाही आवडला होता. मग जुने नट निघाले, जुन्या नट्या निघाल्या. पूर्वीचे लोक गाणं तोंडाने म्हणत, आता पायांनी म्हणतात, यावर दोघांचं एकमत झालं. विद्याधरने पहिल्यांदाच पाठ टेकली. रत्नप्रभाबाईंनी डोळे उघडले.

जया चहा घेऊन आली. ट्रे उजव्या हातावर नीट तोललेला, सासू होऊ शकणाऱ्या बाईंकडे पहिला कप. आणि नेमका ट्रे कलला. कप घसरला. जयाचा डावा हात कसा पुढे आला ते तिलाही कळलं नाही. कप तिने हवेतच धरला, थेंबही सांडला नाही, आणि त्याच हाताने तो विमलाबाईंपुढे केला.

विमलाबाईंनी कप घेतला नाही.

"डावखुरी आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो," जया म्हणाली.

"हळदीकुंकू कुठल्या हाताने लावतेस?"

"हळदीकुंकू उजव्याने लावते, मावशी. प्रसाद उजव्याने देते. बाकी सगळं डाव्याने."

"आमच्याकडे चालत नाही असं नाही," विमलाबाई म्हणाल्या. म्हणजे चालत नाही, हे सगळ्यांना कळलं.

भिकाजींना राहवलं नाही. "वहिनी, मीही डावखुराच आहे. आणि आमच्यावर कुणी हसलं की आम्ही एकाच माणसाचं नाव सांगतो. 'पल्याडची शाळा'मधला मास्तर. अख्ख्या गावाला शिकवलं त्याने, डाव्या हाताने."

"कोण डावखुरा?" श्यामसुंदररावांनी कप खाली ठेवला. "पल्याडच्या शाळेतला मास्तर? छे. काहीतरी घोटाळा होतोय तुमचा."

"घोटाळा कसला? माझ्या डोळ्यांपुढे आहे. डाव्या हातात खडू घेतो आणि फळ्यावर मोडीत लिहितो."

"मोडीत?" श्यामसुंदरराव हसू लागले. "अहो, चक्क बाळबोध आहे. मी खिळे जुळवणारा माणूस, अक्षर विसरत नाही. आणि तो सिनेमा मी गिरगावात थेटरात कितीदा पाहिलाय."

"मोडीच. आमच्या आजोबांच्या कागदांत तसलीच अक्षरं होती. मला एक अक्षर वाचता आलं नाही त्यातलं."

"बाबा," जया हळूच म्हणाली.

पण भिकाजी आता थांबणारे नव्हते. "मास्तर उजव्या हाताने लिहिताना मला दाखवा. ह्यापुढे सिनेमाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"सकाळची शपथ तरी कुठे राहिली," रत्नप्रभाबाई भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

मयेकर निघाले. दारात विमलाबाई म्हणाल्या, "बरं, कळवतो." ह्या शब्दाचा अर्थ लग्नाच्या बाजारात एकच असतो.

तो आठवडा सातार्डेकरांच्या घरात रेडिओ लागला नाही. रत्नप्रभाबाई नवऱ्याला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं भिकाजींना वाटलं. जयाने बापाला दोष दिला नाही. ती कचेरीतून येई, भाजी निवडी आणि लवकर झोपे. साड्यांचं कपाट तिने एकदाही उघडलं नाही. शनिवारी संध्याकाळी भिकाजी कट्ट्यावर गेले नाहीत. वरून काशीराम दोनदा येऊन बघून गेले.

"तो मास्तर खरंच डावखुरा होता ना, बाबा?" एका रात्री जेवताना जयाने विचारलं.

"होता गं. मी काय खोटं सांगेन तुला?"

"तसं नाही. शाळेपासून कचेरीपर्यंत मी सगळ्यांना तेच सांगत आलेय."

भिकाजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

आणि मग मंगळवारी, दिवेलागणीला, दारात विद्याधर उभा. घामाघूम. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू.

"मिळाली," तो म्हणाला. "घाटकोपरच्या सगळ्या व्हिडिओ लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. सांताक्रूझला एक जण म्हणाला, असला जुना मराठी सिनेमा कोण ठेवतं यार. शेवटी अंधेरीला मित्राच्या मित्राकडे निघाली. म्हाताऱ्या आजीसाठी उतरवून ठेवली होती." त्याने कागद सोडला. आत काळी कॅसेट होती, आणि तिच्यावर शाईने 'पल्याडची शाळा' असं लिहिलं होतं. "रविवारी प्लेअर भाड्याने आणतो. आई-बाबांना घेऊन येतो. बाबा घरात दुसरं काही बोलतच नाहीत."

"आणि आई?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"आई म्हणते, आधी निकाल लागू दे."

स्वयंपाकघराच्या दारातून जया म्हणाली, "आणि मास्तर उजव्या हाताने लिहीत असला तर?"

विद्याधरने तिच्याकडे पाहिलं. "तर मास्तर उजव्या हाताने लिहितो. तुम्ही डाव्याने लिहा."

एवढं बोलून तो चहा न घेताच जिना उतरून गेला. जयाने त्या रात्री कपाट उघडलं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर सगळे जमले. सातार्डेकरांचा टीव्ही काळापांढरा होता. पण सिनेमाही तसाच असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. काशीराम साक्षीदार म्हणून आले आणि दाराजवळ चटई टाकून बसले. विद्याधरने तारा जोडल्या. भिकाजी खुर्चीत ताठ बसले होते. जयाचं लग्न आणि त्यांची आयुष्यभराची मतं, दोन्ही त्या काळ्या डबीत गुंडाळलेली होती.

पडद्यावर मुंग्या आल्या, मग नावं आली. ही नावं भिकाजी पहिल्यांदाच वाचत होते. लहानपणी नावं चालू असताना पोरांची जागेसाठी मारामारी चाललेली असे. मग नदी दिसली. मास्तरची नाव डावीकडून आली.

भिकाजी चुळबुळले. त्यांच्या आठवणीत ती उजवीकडून यायची.

खोताचा वाडा आला. तोही भलत्याच बाजूला होता. भिकाजींना वाटलं, आपल्याच घरात शिरावं आणि कुणीतरी पलंग हलवून ठेवलेला असावा, तसं काहीतरी झालंय. मग शाळा आली. फेटा बांधलेला मास्तर फळ्यापाशी गेला, त्याने खडू उचलला आणि लिहू लागला. उजव्या हाताने. स्वच्छ, टपोऱ्या बाळबोध अक्षरांत.

जयाने मान खाली घातली. श्यामसुंदरराव जिंकले होते, पण त्यांना भिकाजींकडे बघवत नव्हतं. ते उगाच चष्मा पुसू लागले.

"गळका निघाला रे डबा," काशीराम हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजातही नेहमीची मजा नव्हती.

"माझंच चुकलं," भिकाजी म्हणाले. त्यांनी आपला डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला. "इतकी वर्षं मी भलत्याच माणसाचं नाव घेत होतो. शब्द दिलाय तो दिलाय. आजपासून सिनेमावर बोलणं बंद."

विद्याधरने सिनेमा थांबवला. आणि तेव्हा, सगळा वेळ गप्प असलेल्या विमलाबाईंनी विचारलं, "तुम्ही हा बघितलात कुठे?"

"परळला. गणपतीत मंडळ गल्लीत पडदा लावायचं."

"ते कळलं. पण तुम्ही बसला होता कुठे?"

"आमची चाळ गल्लीच्या टोकाला. पुढे चटया दुपारपासून पडलेल्या असायच्या, आम्हा पोरांना कोण घेतंय? आम्ही आपले पडद्याच्या मागच्या अंगाला, जिन्याच्या पायऱ्यांवर..."

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलू लागले. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की त्यांना काही होतंय. मग कळलं की त्या हसताहेत.

"अहो, आम्ही माझगावला," त्या कशाबशा म्हणाल्या, "आम्ही बायका सगळ्या मागेच बसायचो. पुढे पुरुष. मला चांगली मोठी होईपर्यंत वाटायचं, सिनेमातल्या सगळ्या बायका गुजराती. प्रत्येकीचा पदर उजव्या खांद्यावर. घरी आल्यावर मीही तसाच घ्यायची, आणि आई मारायची."

"म्हणजे?" काशीरामांनी विचारलं.

"म्हणजे काय, मागून बघितलं की डाव्याचं उजवं होतं. मास्तरचा हात मागून डावाच दिसणार."

श्यामसुंदररावांनी कपाळावर हात मारला. "खिळ्यासारखं. जन्मभर मी उलटी अक्षरं जुळवली आणि माझ्या ध्यानात येऊ नये. अहो, ती मोडी नव्हे. उलटं बाळबोध."

पडदा मागून बघतोय हे भिकाजींना तेव्हाही ठाऊक होतं आणि पुढेही ठाऊक होतं. पण तो मास्तर इतका आपला वाटला होता की त्याचा हात उलटा करून बघावा, असं एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात आलं नव्हतं.

जया एकदम उठली. समोरच्या कपाटाचं आरशाचं दार तिने थोडं उघडून टीव्हीच्या रोखाने फिरवलं. "कॅसेट मागे घ्या ना," ती विद्याधरला म्हणाली. "आणि सगळ्यांनी इकडे तोंड करा."

पाहुण्यांनी खुर्च्या फिरवल्या. काशीरामांनी चटई फिरवली. टीव्हीकडे पाठ करून सगळे कपाटासमोर बसले, आणि 'पल्याडची शाळा' पुन्हा सुरू झाला.

नाव उजवीकडून आली. खोताचा वाडा जागच्या जागी गेला. खोताच्या बायकोचा पदर उजव्या खांद्यावर दिसला तशा विमलाबाई पुन्हा हसल्या आणि म्हणाल्या, "ही बघा, आली गुजरातीण." मग मास्तर फळ्याकडे गेला. खडू उचलला, डाव्या हातात, आणि न वाचता येणारी अक्षरं झराझरा उमटू लागली.

"हाच," भिकाजी म्हणाले. "हाच तो."

श्यामसुंदररावांनी आरशातला फळा घडाघडा वाचून दाखवला, जणू समोर खिळ्यांची पेटी मांडलेली होती. "ज्याला यायचं त्याने यावं, शाळा बंद होणार नाही," असं त्यावर लिहिलं होतं. भिकाजींना ते वाक्य आज पहिल्यांदा कळलं.

"मला विचाराल तर आरशातला मास्तर जास्त चांगला आहे," विमलाबाई म्हणाल्या. "हाताला वळण आहे."

मध्यंतराला जया चहा घेऊन आली. ट्रे उजव्या हातावर, बोटं आवळलेली. विमलाबाईंनी तिला आरशात येताना पाहिलं आणि मग मागे वळून पाहिलं.

"कुठला उजवा आणि कुठला डावा ते आज मला काही कळेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "ज्या हाताने सांडणार नाही त्या हाताने दे गं बाई."

जयाने ट्रे खाली ठेवला आणि डाव्या हाताने कप पुढे केला. विमलाबाईंनी तो घेतला, एक घोट घेतला आणि रत्नप्रभाबाईंकडे वळल्या. "कळवतो म्हटलं होतं ना? कळवलं."

रत्नप्रभाबाई साखरेचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चिमूटभर साखर आधी देवापुढे ठेवली, मग विमलाबाईंच्या हातावर, मग विद्याधरच्या. विद्याधरची नजर जयाच्या डाव्या हातावर होती. त्याने साखर न खाता मुठीत तशीच धरली.

"मग त्या शब्दाचं काय?" काशीराम म्हणाले. "हा बोलणार की नाही यापुढे?"

"तो शब्द मी परत केला," श्यामसुंदरराव म्हणाले. "मी पुढून पाहिला, यांनी मागून पाहिला. दोघांचंही बरोबर."

"म्हणजे आता दोघे बोलणार," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सिनेमा संपला. खोत हरला, शाळा राहिली, सगळ्यांनी डोळे पुसले. खाली कट्ट्यावर माणसं जमली होती. बातमी जिन्यावरून आधीच उतरली होती. काशीरामांनी खिडकीतून वाकून त्यांना थांबायची खूण केली आणि मग विचारलं, "तर भिकाजी, सांग. बघण्यासारखा आहे का?"

भिकाजी विचारात पडले. ह्या सिनेमाला त्यांनी आजवर कधी मापच लावलं नव्हतं.

"माल पाठवा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण ते नदीवरचं गाणं नको होतं. मध्येच रंग पातळ होतो."

"नको होतं?" श्यामसुंदरराव खुर्चीतून पुढे सरकले. "सातार्डेकर, ते गाणं म्हणजे अख्खा सिनेमा आहे. ते काढलंत तर राहिलं काय?"

"मास्तर राहिला की."

"मास्तर ते गाणं ऐकूनच थांबतो ना गावात. तुम्ही मागून बघितलंत, तुम्हाला दिसलं नसेल, पण ऐकू तरी आलं असेल."

"ऐकू आलं म्हणूनच सांगतोय."

विमलाबाईंनी कप खाली ठेवला. "आधी साखरपुड्याची तारीख ठरवा," त्या म्हणाल्या. "मग काय ते भांडा."